घरच्या जलतरण तलावातील पाण्याची पातळी आपोआप कशी राखावी?

निळाई :
आमच्या घरामागे एक छोटा जलतरण तलाव आहे. त्याची लांबी ८ मीटर, रुंदी ४ मीटर आणि सरासरी खोली १.४ मीटर आहे, म्हणजे त्यात साधारण ४५ घनमीटर पाणी मावते. फिल्टरकडे जाणारे पाणी एका स्किमरमधून, म्हणजे पृष्ठभागावरचे पाणी ओढून घेणाऱ्या काठावरच्या खिडकीसारख्या तोंडातून, ओढले जाते आणि पातळी त्या स्किमरच्या तोंडाच्या मध्यावर असली की सगळे सुरळीत चालते. कोरड्या, वाऱ्याच्या दिवसांत मात्र ती इतक्या झपाट्याने उतरते की आठवडाभरात पाणी तोंडाच्या खालच्या कडेला टेकते आणि पंप पाण्याबरोबर हवाही ओढू लागतो. पंप कोरडा फिरला तर त्याचे शाफ्ट सील तापून निकामी होते, हे ठाऊक असल्यामुळे घर बंद करून कुठे जायचे म्हटले की तलावाचीच काळजी अधिक वाटते. उलट नळी लावून पाणी वाजवीपेक्षा जास्त भरले, तर स्किमरचे तोंड बुडते आणि पृष्ठभागावरचा पालापाचोळा ओढलाच जात नाही.

ही भरती आपोआप व्हावी, अशी इच्छा आहे. टाकीत असतो तसा, तरंगत्या गोळ्याने उघडणारा-मिटणारा साधा फ्लोट व्हॉल्व्ह पुरेल, की सेन्सर आणि विजेवर चालणारा व्हॉल्व्ह घ्यावा? पाणी उंचावरील टाकीतून केवळ उताराने येते, दाबाचा पंप नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

ओघ :
फ्लोट व्हॉल्व्ह पुरेल, आणि माझ्या मते तोच बसवावा. त्याला वीज लागत नाही, तो कशाने बंद पडला हे पाहणाऱ्याला तत्काळ कळते आणि सुटे भाग कुठेही मिळतात. फक्त तो थेट तलावात बसवू नये. कोणी पाण्यात उडी मारली की लाटेबरोबर गोळा वरखाली होतो, व्हॉल्व्ह क्षणोक्षणी उघडझाप करतो आणि त्याची रबरी बैठक लवकर झिजते. त्यासाठी काठालगत एक छोटे चेंबर बांधून ते तलावाशी पातळीच्या बरेच खाली एका बारीक पाइपने जोडतात. जोडलेल्या दोन्ही भांड्यांत पाणी एकाच पातळीला येते, पण पाइप बारीक असल्यामुळे लाटांची खळबळ चेंबरपर्यंत पोहोचत नाही. चेंबरला झाकण हवे, आणि ते असे हवे की दर महिन्याला उघडण्याचा कंटाळा येणार नाही.

एक अट मात्र पाळावीच लागेल. भरणीच्या पाइपचे तोंड चेंबरमधील पाण्याच्या संभाव्य सर्वोच्च पातळीच्या वर, पाइपच्या व्यासाच्या किमान दुप्पट अंतरावर मोकळे राहिले पाहिजे. पाइप पाण्यात बुडवून ठेवला आणि पुरवठ्याचा दाब अचानक गेला, तर तलावातील पाणी उलट ओढले जाऊन घराच्या पिण्याच्या पाण्यात मिसळू शकते. हवेतली ही फट एकदा ठेवली की तिच्यात बिघडण्यासारखे काहीच नसते, म्हणून मी ती उलटप्रवाह रोखणाऱ्या कोणत्याही व्हॉल्व्हपेक्षा अधिक भरवशाची मानतो.

मापाड्या :
फ्लोट की सेन्सर, हा प्रश्न मी तूर्त बाजूला ठेवतो, कारण त्याआधीच्या प्रश्नाचे उत्तर धाग्यात अजून आलेले नाही. पाणी जाते कुठे? उघड्या तलावातून बाष्पीभवनाने दिवसाला साधारण ३ ते ६ मिलिमीटर पाणी उडते, फार कोरडी हवा आणि सतत वारा असेल तर त्याहूनही अधिक. तुमचे स्किमरचे तोंड नेहमीच्या मापाचे, म्हणजे सुमारे १५ सेंटिमीटर उंचीचे असेल, तर मध्यापासून खालच्या कडेपर्यंतचे सात-साडेसात सेंटिमीटर आठवड्यात उतरणे म्हणजे दिवसाला १० मिलिमीटरच्या आसपास घट झाली. हे अशक्य नाही, पण संशय घ्यावा इतके नक्कीच आहे.

स्वयंचलित भरणी बसवली की गळती दिसेनाशी होते. पातळी सदैव जागच्या जागी असते, मालक निश्चिंत असतो आणि काठाखालची माती महिनोन्महिने भिजत राहते. म्हणून आधी बादलीची चाचणी करा. तलावाच्या पायरीवर बादली ठेवून, ती हलू नये म्हणून तिच्यात दगड टाकून, तलावाचेच पाणी बाहेरच्या पातळीइतके भरा आणि आतील व बाहेरील दोन्ही पातळ्यांवर खूण करा. चोवीस तासांत दोन्ही खुणा सारख्याच उतरल्या, तर ते बाष्पीभवन आहे. तलावाची पातळी अधिक उतरली, तर फरकाइतकी गळती आहे. त्या काळात कोणी पोहू नये, बॅकवॉश (फिल्टर उलट प्रवाहाने धुऊन ते पाणी बाहेर सोडणे) करू नये आणि पाऊस आल्यास चाचणी पुन्हा करावी. शक्य असल्यास एक दिवस पंप चालू ठेवून आणि एक दिवस बंद ठेवून पाहावे. पंप चालू असताना गळती वाढत असेल, तर दोष बहुधा तलावाकडे परतणाऱ्या, दाबाखालील पाइपमध्ये असतो. पंप बंद असताना वाढत असेल, तर ओढीच्या पाइपवर संशय घ्यावा.

निळाई :
चाचणी केली. बादलीतील पाणी ५ मिलिमीटर उतरले आणि तलावातील ९. पंप चालू असो वा बंद, फरक तेवढाच राहिला. क्षेत्रफळ ३२ चौरस मीटर आहे आणि एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर म्हणजे एक लिटर, म्हणून बाष्पीभवनाने दिवसाला १६० लिटर आणि उरलेले १२८ लिटर आणखी कुठेतरी जात आहेत. आता शोध कुठून सुरू करावा?

मापाड्या :
पंपाने फरक पडत नसेल, तर पाइपांपेक्षा तलावाच्या भिंतीवर, दिव्याच्या खोबणीवर आणि विशेषतः स्किमरवर लक्ष द्या. सर्वांत स्वस्त तपासणी म्हणजे पंप बंद ठेवून, पाणी न भरता, पातळी कुठे येऊन स्थिरावते ते पाहणे. ती स्किमरच्या तोंडाच्या खालच्या कडेशी थांबली आणि पुढे केवळ बादलीइतकीच उतरू लागली, तर गळती स्किमरमध्ये किंवा त्याच्या सांध्यात आहे. दिव्याच्या उंचीवर थांबली, तर दिव्याची खोबण आणि तिच्या वायरीची नळी तपासावी. कुठेच थांबली नाही, तर तळाकडे पाहावे लागेल. एक इशारा मात्र देतो. जमिनीतील पाणी वर आलेले असेल, तर तलाव फार रिकामा होऊ देऊ नये, कारण आतल्या पाण्याचे वजन नाहीसे झाल्यावर खालून येणारा दाब तलावाचे कवच उचलू शकतो किंवा त्याला तडे पाडू शकतो.

प्लास्टिकचा स्किमर आणि काँक्रीट यांचा सांधा हे गळतीचे नेहमीचे ठिकाण आहे, कारण दोन्ही पदार्थ उष्णतेने वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावतात. जागा कळली की पंप बंद करून, पाणी पूर्ण स्थिर झाल्यावर, पिचकारीतून रंगाचा एक थेंब सांध्याजवळ सोडावा. फट असेल तर रंगाची रेघ आत ओढली जाताना दिसते.

क्षारमिती :
गळतीची आणखी एक खूण पाण्याच्या रसायनात असते. वाफ होऊन उडणारे पाणी मीठ, कॅल्शियम किंवा क्लोरीन उन्हात टिकवण्यासाठी घातलेले सायन्युरिक आम्ल बरोबर नेत नाही. गळणारे पाणी मात्र हे सगळे घेऊन जाते. त्यामुळे मिठाच्या पाण्यावर चालणाऱ्या तलावात, बॅकवॉश फारसा केलेला नसताना आणि पाऊसही नसताना, मिठाचे प्रमाण हळूहळू घसरू लागले तर ती गळतीच समजावी. स्वयंचलित भरणी चालू असतानाही ही खूण पाहता येते, आणि मला तीच तिची मोठी सोय वाटते.

विद्युल्लेखा :
गळती सापडेपर्यंत भरणीच्या रचनेकडे वळू या. ओघ यांच्या चेंबरशी आणि हवेतल्या फटीशी मी पूर्ण सहमत आहे, पण फ्लोट व्हॉल्व्हवरच थांबण्याशी नाही. फ्लोट व्हॉल्व्हला उघडण्याची आणि बंद होण्याची अशा दोन वेगळ्या पातळ्या नसतात. पातळी ठरलेल्या उंचीजवळ आली की प्रवाह मंदावत जातो आणि व्हॉल्व्ह दिवसभर ठिबकत राहतो. अशा ठिबकण्याला किती पाणी गेले, हे सामान्य मीटरही नीट मोजत नाही, कारण फार मंद प्रवाहात त्याची चक्री फिरतच नाही. बैठकीत वाळूचा एक कण अडकला, तर तो ठिबका कधीच थांबत नाही आणि जादा पाणी सांडव्यातून निमूट वाहून जाते.

सेन्सर असला की भरणी सुरू करण्याची आणि थांबवण्याची पातळी वेगळी ठेवता येते. आपल्या तलावात दोन्हींमध्ये १५ मिलिमीटर अंतर ठेवले, तर एका वेळी ४८० लिटर पाणी एकदम आणि पूर्ण प्रवाहाने येईल, जे मीटर व्यवस्थित मोजेल.

आता सेन्सर कोणता, ते पाहू. अल्ट्रासोनिक सेन्सर आकर्षक दिसतो, पण हवेतील ध्वनीचा वेग तापमानागणिक बदलतो. तापमानाची भरपाई केलेली नसेल, तर अर्ध्या मीटर अंतरावर १० अंशांच्या फरकाने जवळजवळ ९ मिलिमीटर चूक होते, आणि बंद चेंबरमध्ये त्याच्या तोंडावर दव साचते ते वेगळेच. पाण्यात बुडवायचा दाबमापक अचूक असतो, पण त्याच्या केबलमध्ये बाहेरच्या हवेशी जोडणारी बारीक नळी हवीच, कारण वातावरणाचा दाब एका हेक्टोपास्कलने बदलला तरी ते सुमारे एक सेंटिमीटर पाण्याइतके असते, आणि हवामान बदलताना अशा कित्येक हेक्टोपास्कलची चढउतार सहज होते. स्टेनलेस स्टीलच्या तीन दांड्यांचा सेन्सर, ज्यात दांडीला पाणी टेकले की वीज वाहते, स्वस्त आणि टिकाऊ आहे, मात्र दांड्यांना एकदिश (डीसी) प्रवाह देऊ नये. त्याने विद्युत अपघटन होऊन दांड्या झिजतात, म्हणून प्रत्यावर्ती (एसी) प्रवाहावर चालणारा नियंत्रकच घ्यावा. घरच्या तलावासाठी मी याच दांड्या किंवा चुंबकाने चालणारे दोन साधे फ्लोट स्विच सुचवेन. आपल्याला पाणी दोन ठरलेल्या रेषांच्या वर आहे की खाली, एवढेच कळायला हवे, प्रत्येक मिलिमीटरचे मोजमाप नको आहे.

ओघ :
ठिबकण्याचा मुद्दा मान्य आहे. पण विजेचा व्हॉल्व्ह उघडा अडकला तर काय होते, हेही सांगावे. फ्लोट व्हॉल्व्हचा ठिबका तासाला काही लिटर नेतो, उघडा राहिलेला सोलेनॉइड, म्हणजे विद्युतचुंबकाने उघडणारा व्हॉल्व्ह, रात्रभरात वरची अख्खी टाकी रिकामी करतो.

विद्युल्लेखा :
प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर म्हणून मी आपला फ्लोट व्हॉल्व्ह परत आणते. पुरवठ्याच्या मार्गात आधी विजेचा व्हॉल्व्ह आणि त्यापुढे, थांबण्याच्या पातळीपेक्षा सुमारे दोन सेंटिमीटर वर लावलेला यांत्रिक फ्लोट व्हॉल्व्ह, अशी एकामागे एक जोडणी करावी. रोजचे काम विजेचा व्हॉल्व्ह करतो, आणि तो अडकला तर फ्लोट पाणी रोखतो. सांडवा या फ्लोटच्याही वर असावा, नाहीतर फ्लोट बंद होण्यापूर्वीच पाणी सांडव्यातून जाऊ लागेल. पावसाचे पाणी सांडव्यापर्यंत चढायला मधली जागा मोकळी राहते, हा आणखी एक लाभ. याशिवाय नियंत्रकात वेळेची मर्यादा घालावी. मिनिटाला १० लिटर प्रवाह असेल, तर ४८० लिटरना ४८ मिनिटे लागतात. दीड तासात वरची रेषा गाठली गेली नाही, तर व्हॉल्व्ह बंद व्हावा, सूचना यावी आणि माणसाने येऊन पाहिल्याशिवाय भरणी पुन्हा सुरूच होऊ नये. ही मर्यादा केवळ मायक्रोकंट्रोलरच्या प्रोग्रॅमवर सोपवू नये. प्रोग्रॅम अडकला तर तीही त्याच्याबरोबर अडकते, म्हणून वेगळा टायमर रिले लावावा.

नळजोडणी :
या चर्चेत उंचावरील टाकीचा मुद्दा मागे पडला आहे आणि तुमच्या बाबतीत सगळे तिथेच अडेल. बाजारात सहज मिळणारे सोलेनॉइड व्हॉल्व्ह बहुतेक पायलट पद्धतीचे असतात, म्हणजे पडदा उचलण्यासाठी ते पाण्याच्याच दाबाचा उपयोग करतात. त्यांपैकी अनेकांना किमान ०.३ ते ०.५ बार दाबफरक लागतो. टाकीतील पाणी व्हॉल्व्हपेक्षा ३ मीटर उंच असेल, तर स्थिर दाबच जेमतेम ०.३ बार मिळतो, आणि पाणी वाहू लागताच पाइपमधील घर्षणाने तोही कमी होतो. असा व्हॉल्व्ह अर्धवट उघडतो, घरघरतो किंवा कधी नीट बंदच होत नाही, आणि मग लोक सेन्सरला दोष देत बसतात.

तुमच्यापुढे दोन मार्ग आहेत. शून्य दाबफरकावर उघडणारा सोलेनॉइड घ्यावा, त्याच्या माहितीपत्रकात किमान दाब शून्य असल्याचे स्पष्ट लिहिलेले असते. किंवा मोटरवर फिरणारा बॉल व्हॉल्व्ह घ्यावा, जो पाण्याचा मार्ग पूर्ण मोकळा करतो आणि कचऱ्याने फारसा अडत नाही. मोटरच्या व्हॉल्व्हची मेख अशी की वीज गेली तर तो असेल त्याच स्थितीत राहतो. म्हणून वीज गेल्यावर स्प्रिंगने किंवा साठवलेल्या विजेवर आपोआप बंद होणारा प्रकारच निवडावा. सोलेनॉइड घेतलात तर तो विजेविना बंद राहणाऱ्या प्रकारचाच असावा, हे वेगळे सांगायला नको. दोन्हींच्या आधी जाळीची गाळणी आणि हाताने बंद करायचा एक व्हॉल्व्ह असू द्यावा.

विद्युल्लेखा :
विजेविषयी आणखी थोडे लिहिते, कारण इथे तडजोड नको. आंतरराष्ट्रीय विद्युततंत्र आयोगाच्या आयईसी ६०३६४ मानकातील जलतरण तलावांच्या भागात काठापासून २ मीटरपर्यंतचा पट्टा पहिला विभाग मानला आहे, आणि तलावाच्या आतील शून्य विभागात १२ व्होल्ट प्रत्यावर्ती किंवा ३० व्होल्ट एकदिश यांपेक्षा अधिक विद्युतदाब चालत नाही. चेंबर काठालाच आहे आणि त्यातील पाणी तलावाच्या पाण्याशी जोडलेले आहे, म्हणून सेन्सर आणि व्हॉल्व्ह दोन्ही १२ व्होल्टवर चालणारेच घ्यावेत, त्यांचा विलगकारी ट्रान्सफॉर्मर दूर पंपघरात असावा आणि मूळ वीजमार्गावर ३० मिलिअँपिअरचे गळतीरोधक संरक्षण असावे. ही जोडणी परवानाधारक वीजतंत्रज्ञाकडूनच करून घ्यावी.

क्षारमिती :
भरणी आपोआप होऊ लागली की लोक पाण्याची तपासणी सैल करतात, म्हणून हा हिशेब मांडतो. वर्षभराची सरासरी दिवसाला ५ मिलिमीटर धरली, तर वर्षाला सुमारे १.८ मीटर पाणी उडते. तुमची सरासरी खोली १.४ मीटर आहे, म्हणजे वर्षात जवळजवळ १.३ तलाव इतके नवे पाणी आत येते आणि त्यातील क्षार तलावातच राहतात. भरणीच्या पाण्याचा कॅल्शियमचा जडपणा लिटरला २०० मिलिग्रॅम असेल, तर पाऊस, बॅकवॉश आणि गळती वगळता वर्षाअखेर तलावातील जडपणात २६० मिलिग्रॅमची भर पडते. साधारणतः २०० ते ४०० मिलिग्रॅम ही मर्यादा योग्य समजली जाते, त्यामुळे एखाद्या वर्षातच टाइलच्या रेषेवर पांढरी पुटे दिसू लागतात. हीच पुटे सेन्सरच्या दांड्यांवर आणि फ्लोटच्या बिजागरीवरही बसतात, तेव्हा चेंबर उघडून सौम्य आम्लाने ते पुसण्याचे काम टळत नाही. भरणीच्या पाण्यातील क्षारतेमुळे (अल्कलिनिटी) तलावाचा सामूही (पीएच) वर सरकत राहतो.

यावर सर्वांत चांगला उपाय म्हणजे कमी पाणी भरावे लागणे, आणि त्यासाठी तलाव वापरात नसताना त्यावर आच्छादन घालावे. त्याने उष्णताही वाचते. एक लिटर पाणी वाफ होताना सुमारे २.४ मेगाज्यूल, म्हणजे विजेच्या भाषेत जवळजवळ ०.६७ युनिट उष्णता घेऊन जाते. तुमच्या १६० लिटरांचा हिशेब दिवसाला १०० युनिटांच्या वर जातो. तलाव तापवणाऱ्यांनी या आकड्याकडे जरा निरखून पाहावे.

तरणतळ :
आमचा तलाव काठावरून ओसंडणाऱ्या प्रकारचा असून त्याला ओसंडलेले पाणी साठवणारी समतोल टाकी आहे. आम्हीही हीच रचना करावी का?

नळजोडणी :
नाही, तुमच्याकडे सेन्सर समतोल टाकीत हवा. ओसंडणाऱ्या तलावाची स्वतःची पातळी बदलत नाही, सगळी घटवाढ टाकीत दिसते. एक माणूस पाण्यात उतरला की त्याच्या वजनाइतके, म्हणजे साधारण ७० लिटर पाणी टाकीत जाते, आणि पंप थांबला की काठावरचे व पन्हळीतले पाणीही तिथेच उतरते. पंप चालू असताना टाकीची पातळी खाली गेलेली पाहून नियंत्रकाने ती काठोकाठ भरली, तर पंप थांबताच टाकी ओसंडेल. म्हणून भरणी थांबवण्याची रेषा बरीच खाली ठेवावी आणि पंप सुरू झाल्यावर काही मिनिटे थांबूनच पातळी वाचावी. याचा तपशील मोठा आहे, कृपया वेगळा धागा काढावा.

निळाई :
सर्वांचे मनापासून आभार. पातळी स्किमरच्या खालच्या कडेशीच थांबली आणि रंगाच्या थेंबाने सांध्यातील फट दाखवली. पाण्याखाली घट्ट होणाऱ्या इपॉक्सीने ती भरली असून आता बादली आणि तलाव बरोबरीने उतरत आहेत. चेंबर, १२ व्होल्टचा शून्य दाबफरकाचा सोलेनॉइड, त्यापुढे फ्लोट आणि वेगळा टायमर, असे ठरवले आहे. दोन शंका उरल्या आहेत. भरणी दिवसातून कधीही होऊ द्यावी का, आणि मीटरवरचा कोणता आकडा पाहून मी सावध व्हावे?

मापाड्या :
भरणी पहाटे एकदाच होऊ द्यावी. त्या वेळी कोणी पोहत नसते, पाणी स्थिर असते आणि पंपही बंद ठेवता येतो. खालची रेषा दहा मिनिटे सलग कोरडी राहिली, तरच व्हॉल्व्ह उघडावा.

मीटर ठरावीक पाण्यामागे विजेचा ठोका (पल्स) देणारा घ्यावा, म्हणजे नियंत्रकाला लिटर मोजता येतील. तुमचा कोरड्या दिवसाचा खर्च १६० लिटर आहे, तेव्हा ४८० लिटरची भरणी साधारण दर तिसऱ्या दिवशी होणे अपेक्षित आहे. आठवड्याची बेरीज घ्यावी, कारण एकेका दिवसाचा आकडा वाऱ्यावर अवलंबून असतो. अकराशेच्या आसपास बेरीज आली तर ठीक, पंधराशेच्या वर गेली आणि त्या आठवड्यात बॅकवॉश झाला नसेल, तर भरणी बंद करून बादली पुन्हा पायरीवर ठेवावी. बॅकवॉशचा हिशेब वेगळा लिहावा. पंप तासाला १० घनमीटर पाणी ढकलत असेल, तर तीन मिनिटांत ५०० लिटर बाहेर जातात. पाऊस पडलेल्या आठवड्यात मीटर जवळजवळ हलू नये. तेव्हाही तो नेहमीसारखाच फिरत असेल, तर आधी वरच्या रेषेची दांडी आणि सोलेनॉइडची बैठक तपासावी, कारण पाणी बहुधा सांडव्यातून जात असते.